चारशे भावांची बहीण

“हिला जोडलं कुणी? कोण तो कसाई? आणा त्याला माझ्यासमोर!”

कसाई तोडतो, जोडत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मार्गारिताबाईंचा आवाज असा लागला होता की दुबईत रास अल खोरमधल्या आमच्या शेडचा पत्रा थरथरत होता आणि शेजारच्या गॅरेजमधले पठाण हातात पाने घेऊन भिंतीवरून डोकावत होते. बाई मेक्सिकोच्या. उंचीनं जेमतेम माझ्या खांद्याला लागतील, पण त्या दिवशी मला क्रेनएवढ्या दिसल्या. त्यांच्या पायाशी चार मीटर रुंदीची मातीची गोल तबकडी होती आणि तिच्यावर एक देवी घडवलेली. धडाला हात, मानेवर डोकं, कमरेखाली पाय, सगळं जिथल्या तिथं, ठसठशीत. आमच्या दामूअण्णांनी सगळा जून महिना त्यात घातला होता. आणि मी वर्कशॉपचा प्रॉडक्शन मॅनेजर म्हणून शाबासकी घ्यायला टाय लावून उभा.

“मिस्टर सावंत,” बाई आवाज खाली आणून म्हणाल्या, आणि ते जास्त भयंकर होतं, “ही चंद्राची देवी आहे. हिच्या भावानं हिचे तुकडे केलेत. डोकं वेगळं, हात वेगळे, पाय वेगळे. आमच्याकडे ती शेकडो वर्षं तुकड्यांत आहे. तुम्ही तिला बरी केलीत.”

आमचा धंदा काय होता ते सांगितल्याशिवाय ही चूक कळायची नाही. आम्ही फायबरचं काम करायचो. हॉटेलातले धबधबे, मॉलमधले डोंगर, बँकेच्या दारातले रोमन खांब, ज्यांना तुम्ही दुबईत हात लावून “वा, काय दगड आहे” म्हणता, ते सगळं आमचं. आतून पोकळ. टिचकी मारली की तेलाच्या रिकाम्या डब्यासारखं वाजतं. आधी मातीत घडवायचं, मातीवर साचा घ्यायचा, साच्यात रेझिन आणि काचेच्या तंतूंचं कापड थरावर थर बसवायचं, कडक झालं की सोडवायचं आणि दगडासारखं रंगवायचं. रेझिनचा वास इतका उग्र की आमच्या शेडवरून उडत आलेला कावळा पुढे भाजी मार्केटपर्यंत पायी जायचा.

आणि ड्रॉइंगची आमची एक रीत असते. एखाद्या वस्तूचे भाग सुटे सुटे करून दाखवले असले तर ते कसे जोडायचे हे कळावं म्हणून तसे दाखवलेले असतात. पंख्याच्या खोक्यात कागद येतो ना, पाती इकडे, दांडा तिकडे, स्क्रू हवेत तरंगतोय, तसं. क्लायंटकडून आलेल्या चित्रात देवीचं धड मध्ये होतं आणि भोवती हातपाय आणि डोकं सुटं. प्रत्येक तुकड्याच्या टोकाला झालरीसारखी कड आणि तिच्यातून बाहेर आलेलं हाड. दामूअण्णांनी चष्मा कपाळावर चढवला, हाडावर बोट ठेवलं आणि निकाल दिला, “साहेब, ही खुंटी. ही ह्या भोकात बसते.” मी पाहिलं, मलाही खुंटीच दिसली. आमच्या केरळी ड्राफ्ट्समनला दिसली. त्या शेडमध्ये कुणालाही दुसरं काही दिसलंच नसतं. पोटासाठी जो माणूस रोज तुकडे जोडतो, त्याला तुटलेली बाई दाखवली तर तो आधी स्पॅनर शोधतो.

ते दोन हजार आठ साल होतं आणि उन्हाळा ऐन भरात होता. त्या वर्षी दुबईची गती अशी, की मी एकदा सिग्नलला थांबलो तर सिग्नल सुटेपर्यंत समोर मॉल उघडला आणि आमच्या हिनं आत जाऊन पडद्याचं कापड घेतलं. अशा दिवसांत एका डेव्हलपरच्या डोक्यात आलं, की अल ऐनच्या वाटेवर वाळवंटात वॉटरपार्क काढायचा आणि त्यात मेक्सिकोच्या जुन्या अझ्टेक लोकांचं अख्खं शहर उभारायचं. पायऱ्यांचं देऊळ, त्यावर देव, देवांच्या तोंडातून पाणी. देवांची ऑर्डर आम्हाला मिळाली. मूळ चेहऱ्यामोहऱ्यात फरक पडू नये म्हणून मेक्सिकोहून मार्गारिताबाईंना बोलावलं होतं. त्यांनी पास केल्याशिवाय कुठल्याही मूर्तीचा साचा घ्यायचा नाही, असा करार.

ते देव पाहून मी गप्प झालो होतो, आणि मी गप्प झालो ही बातमी अल मजाजला आमच्या बिल्डिंगमध्ये पसरली होती. पावसाचा देव त्लालोक, त्याच्या डोळ्यांभोवती गोल कडी, वेल्डरच्या गॉगलसारखी. केत्झलकोआत्ल, पिसांचा साप. आणि सगळ्यांची आई कोआत्लिक्वे. नेसूला जिवंत साप, गळ्यात माणसांच्या हातांची आणि काळजांची माळ, आणि डोक्याच्या जागी समोरासमोर आलेली दोन सर्पमुखं. नावं अशी की ती म्हणायला गेल्यावर शेडमधल्या दोघांच्या कवळ्या निसटल्या.

ह्या आईच्या वेळी बाईंनी मला पहिला धक्का दिला होता. म्हणाल्या, तळव्याखालची बाजूही कोरायची. जी बाजू जमिनीवर टेकणार, जी बसवल्यावर कुणाला कधी दिसणार नाही, तिथं पृथ्वीच्या देवाचा चेहरा हवा. मी म्हटलं, बाई, जे दिसत नाही ते करायचं नाही, ह्या एका नियमावर आमचा धंदा उभा आहे. बघणार कोण? बाई म्हणाल्या, जमीन बघते. मूळ दगडात तसंच आहे. कल्पना करा, कारागीर उताणा पडून टनावारी दगडाखाली एक चेहरा कोरतोय, आणि त्याला ठाऊक आहे की तो पाहणारं एकही माणूस जन्माला येणार नाही. घरी जाऊन मी देवघराची मागची बाजू पुसली.

तर बाकीच्या देवांच्या बाबतीत बाई समजुतीनं घेत. रंग थोडा फिका, नाक थोडं बसकं, चालेल म्हणत. पण त्या आल्या होत्या ह्या गोल तबकडीसाठी. त्या लहान असताना त्यांच्या शहरात विजेच्या केबलसाठी रस्ता खणणाऱ्या कामगारांना जमिनीखाली हा दगड लागला होता. बाईंचे वडील पाथरवट. त्यांनी मुलीला खांद्यावर बसवून तो खड्डा दाखवला होता. गर्दीत माणसं टोपी काढून उभी होती, असं बाई सांगत. तीच देवी इथल्या वाळूत आपल्या देखरेखीखाली उठावी, एवढीच त्यांची इच्छा. आणि इथं आम्ही तिला धडधाकट करून ठेवली होती.

आता उपाय सोपा होता. माती ओली होती, साचा घेतलेला नव्हता. तारेनं सांधे कापायचे, तुकडे चित्राप्रमाणे सरकवायचे. मी अण्णांना तसं सांगितलं. अण्णांनी हातातला लाकडी कोरणा खाली ठेवला.

अण्णा पेणचे. गणपती घडवण्यात हयात गेलेली. हात असा, की त्यांच्या मातीच्या उंदराला एकदा मांजरानं पळवलं होतं. हे ते स्वतः सांगत. मांजराला तो पचला, एवढं मी माझ्या पदरचं घालतो. आवाज मोठा, राग नाकावर, आणि आपल्यासारखा कारागीर अखाती देशांत दुसरा नाही ह्याबद्दल त्यांना शंका नव्हती.

“साहेब, खंडित मूर्ती मी घडवणार नाही,” अण्णा म्हणाले. “आमच्याकडे कान दुखावला तरी मूर्ती पाण्यात सोडतात. ही बाई मला मुद्दाम मुंडकं उडवायला सांगतेय. सांगा तिला, दुसरा माणूस बघ.”

दोघांमध्ये दुभाष्या मी. अण्णांना मराठी आणि कामापुरतं हिंदी, बाईंना स्पॅनिश आणि इंग्रजी. मी बाईंना सांगितलं, की मिस्टर दामू ह्यांना थोडा टेक्निकल वेळ हवाय. बाईंनी अण्णांचा चेहरा पाहिला आणि मला म्हणाल्या, तुम्ही खोटं बोलताय, पण चांगलं बोलता. मग त्यांनी सगळ्यांना चहाला बसवलं आणि मातीच्या तबकडीच्या कडेला उकिडवं बसून गोष्ट सुरू केली. मी भाषांतर करत होतो. नेहमी मी भाषांतरात मीठमसाला घालतो. त्या दिवशी घालायला जागाच नव्हती.

साप-टेकडी नावाची एक टेकडी. तिच्यावर देऊळ, आणि देवळात झाडलोट करणारी कोआत्लिक्वे, तीच ती सापांचं वस्त्र नेसलेली आई. एकदा ती झाडत असताना वरून पिसांचा एक गोळा खाली आला. तिनं तो उचलला, कमरेशी खोचला आणि झाडलोट चालू ठेवली. झाडून झाल्यावर बघते तर गोळा नाही, आणि तिला दिवस गेलेले. तिची मुलगी कोयोलशाउकी, म्हणजे जिच्या गालावर घुंगरं आहेत ती. आणि मुलगे चारशे. चारशे म्हणजे त्यांच्या बोलीत मोजता येणार नाहीत इतके, आकाशातले तारे. बापाचा पत्ता नाही आणि आई गरोदर, ही बेअब्रू मुलीला सोसेना. तिनं भावांना उठवलं. सगळ्यांनी केस बांधले, शस्त्रं घेतली आणि आईला मारायला टेकडी चढू लागले. पुढे बहीण, मागे चारशे भाऊ.

“आई पळाली नाही?” आमच्या बंगाली वेल्डरनं विचारलं.

बाई म्हणाल्या, पळाली नाही. रडत होती. तेव्हा पोटातून आवाज आला, भिऊ नकोस, मला माहीत आहे काय करायचं ते. आणि मुलगी शेवटची पायरी चढली त्या क्षणी तो जन्मला. विट्झिलोपोच्टली. सूर्य. जन्मतानाच ढाल, भाला आणि हातात आगीचा साप. त्यानं एका घावात बहिणीचं डोकं उडवलं. डोकं टेकडीवरच राहिलं आणि धड गडगडत खाली गेलं. हात एकीकडे पडला, पाय एकीकडे. मग तो चारशे भावांच्या मागे लागला आणि त्यांना आकाशभर पळवलं. रोज पहाटे तो हेच करतो. म्हणून उजाडताना तारे पळतात आणि चंद्र झिजतो. आणि ह्या लोकांना वाटे, की ह्या लढाईत सूर्य एखाद्या दिवशी हरेल. त्याला बळ मिळावं म्हणून ते त्याला माणसाचं रक्त देत. देवळाच्या पायऱ्यांवरून बळी खाली गडगडत यायचा आणि ह्याच तबकडीवर येऊन थांबायचा, बहिणीच्या अंगावर.

चहा गार झाला होता. मी आयुष्यात शेकडो देव पोकळ करून विकले, पण उद्या उजाडेल की नाही ह्याची ज्यांना खात्री नव्हती अशी माणसं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. आपण सकाळी पडदा सारून ऊन बघतो आणि एसी वाढवतो. ते लोक ऊन बघून हुश्श करत असतील.

अण्णांनी तबकडीच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “विचारा बाईला, अमावास्येनंतर हिला परत जोडतं कोण?”

मी विचारलं. बाई म्हणाल्या, कुणीच नाही. ती आपली आपण होते. पूर्ण होते, आणि मग पुन्हा भाऊ येतो.

“मग ही खंडित नाही,” अण्णा म्हणाले. “ही कलेकलेनं चालणारी आहे. मी करतो. पण कापायच्या आधी हिचे डोळे उघडायचे. डोळे नाहीत तोवर ती नुसती माती. मातीला काय कापायचं?”

आपल्याकडे मूर्तिकार डोळे शेवटी करतो. सगळी मूर्ती झाली की मग. अण्णांनी देवीचा चेहरा तसाच कोरा ठेवला होता. मी हे बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला कप खाली ठेवला आणि मला पुन्हा सांगायला लावलं. पुन्हा सांगितलं. त्या बाजूला सरकल्या आणि अण्णांना जागा करून दिली.

दुसऱ्या दिवशी अण्णा आंघोळ करून, कपाळाला गंध लावून आले. रेडिओ बंद करायला लावला. कोरणा घेऊन गुडघ्यावर बसले आणि देवीचा डोळा उघडला. एका बाजूचा चेहरा, म्हणून डोळा एकच. मी शपथेवर सांगतो, शेडमधले आम्ही सगळे एक पाऊल मागे सरलो. ती आमच्याकडे बघत नव्हती, वर बघत होती, टेकडीच्या माथ्याकडे. मग अण्णांनी साबण कापतात तशी बारीक तार घेतली, दोन्ही टोकं बोटांना गुंडाळली, काहीतरी पुटपुटले आणि मानेतून ओढली. ओल्या मातीचा एवढासा आवाज होतो, चुईं असा. तो आवाज मी अजून कुठे ऐकला की जेवण थांबवतो. मग खांदे. मग मांड्या. तुकडे आम्ही फळ्या सरकवून चित्राप्रमाणे मांडले आणि अण्णांनी टोकाटोकाला हाडं घडवली. खुंटी म्हणून नव्हे आता.

आणि तेव्हा ते दिसलं. जोडलेली होती तोवर देवी उताणी निजल्यासारखी वाटायची. कापल्यावर ती धावायला लागली. हात मागे, पाय पुढे, सगळे तुकडे धडाभोवती भिरभिरतायत, जणू टेकडीवरून पडतानाही ती चढतेच आहे. हे कसं झालं ते मला आजही सांगता येत नाही. चाळीस फुटी कारंजं मी डोळे मिटून डिझाइन करीन, पण तुटल्यावर हलणारी वस्तू मी एकच पाहिली.

बाई पुढे झाल्या. अण्णांकडे पाहून त्यांनी अंगठा दाखवला, म्हणजे हात लावू का. अण्णांनी मान हलवली. बाईंनी अंगठ्यानं देवीची पापणी हळूच अर्धी खाली ओढली. मूळ दगडात तशीच आहे म्हणाल्या. अण्णांनी डोळा उघडला, बाईंनी मिटला. पास.

साचा झाला, फायबर झालं, रंगाचा शेवटचा हात चालू होता आणि दिवाळी तोंडावर आली. त्याच सुमाराला क्लायंट लोकांचे फोन बंद पडू लागले. आधी आठवड्यातून एखादा, मग रोज. न्यूयॉर्कमध्ये कुठली तरी बँक बुडाली, तिचा धक्का आमच्या चहाच्या टपरीपर्यंत आला. क्रेन जिथं होत्या तिथं थांबल्या, जणू कुणी स्टॅच्यू म्हटलं. डेव्हलपरच्या ऑफिसात मी गेलो, तर तिथं एक प्लास्टिकचं झाड आणि एक वॉचमन. वॉचमननं मलाच विचारलं, की साहेब कधी येणार. वॉटरपार्क खलास. आमचे लेबनीज मालक शेडच्या मध्यावर येऊन उभे राहिले. भले माणूस, पण त्यांचा आवाज बसला होता. म्हणाले, जागा महिनाअखेर परत द्यायची आहे. यार्ड रिकामं हवं. विकेल ते विका, उरेल ते ग्राइंडरनं कापा आणि कचरा डेपोत टाका. मोठ्या मूर्ती अख्ख्या कचऱ्यात घेत नाहीत.

“एकदा कापलीय,” दामूअण्णा मालकांच्या तोंडावर मराठीत म्हणाले. “दुसऱ्यांदा नाही.” मालकांना अक्षर कळलं नाही, पण ते तबकडीकडे बघून निघून गेले.

देव विकायला मी जन्मात एवढा फिरलो नसेन. त्लालोक, पावसाचा देव, एका कार वॉशवाल्यानं नेला आणि गाड्या जिथं भिजतात तिथं दारात बसवला. ह्याहून योग्य देऊळ त्याला मिळालं नसतं. पिसांच्या सापाची एका नर्सरी स्कूलनं घसरगुंडी केली. आई मात्र कुठेच गेली नाही, नऊ मीटर उंच देवी कोण घेणार? तिला आम्ही कापलं. तळाचा चेहरा मी वेगळा ठेवायला सांगितला होता, पण गडबडीत तोही ट्रकमध्ये गेला. त्याची हळहळ मला अजून आहे. डेपोत तो जमिनीकडे तोंड करून पडला असेल, अशी मी आपली समजूत काढतो.

राहिली चंद्रदेवी. बाईंचं हॉटेलचं बुकिंग क्लायंटनं थांबवलं होतं, म्हणून त्या आमच्याकडे अल मजाजला राहायला आल्या होत्या. परतीचं तिकीट हातात होतं, पण देवीची सोय लागल्याशिवाय जाणार नाही म्हणत. आमच्या हिनं केलेली भाकरी बघून त्या खुश. मक्याच्या पिठाच्या त्यांच्याकडे तशाच करतात म्हणाल्या आणि ओट्यापाशी उभ्या राहून थापू लागल्या. आमची सई तेव्हा सातवीत. तिनं जाहीर करून टाकलं, “बाबा, शी शुड लिव्ह हिअर फॉरेव्हर.” मी रोज सकाळी फोन घेऊन बसायचो. एका मेक्सिकन रेस्टॉरंटला विचारलं. मालक त्रिशूरचा, त्याला टोपी घातलेलं निवडुंग हवं होतं. आमच्या मराठी मंडळींतल्या एका वहिनींनी फोटो पाहून विचारलं, ह्यात डोकं असलेलं काही नाही का. एका इव्हेंटवाल्यानं तबकडी लग्नात केक ठेवायला मागितली. बाईंना हे मी सांगितलं नाही.

शेवटच्या आठवड्यात अबू मतर आले. अल ऐनकडचे, साठी उलटलेले, मोठी शेती आणि उंट. आमच्या शेडचे लोखंडी पाइप स्वस्तात मिळतील म्हणून बघायला आले होते. जुन्या पिढीतल्या पुष्कळ अमिराती लोकांसारखं त्यांचं हिंदी आमच्याहून स्वच्छ. पाइप पसंत केले आणि जाता जाता तबकडीपाशी थांबले.

“ये औरत कौन है?”

दोन वाक्यांत गोष्ट आटपायची असं मी ठरवलं होतं. पण बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या, अण्णा आले, आणि मग मी सगळी सांगितली. टेकडी, पिसांचा गोळा, चारशे भाऊ, आगीचा साप. अबू मतर काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी विचारलं, की आज हिची कुणी पूजा करतं का. मी बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, पूजा नाही, पण विसरत कुणी नाही.

अबू मतर म्हणाले, “घर में बुत नहीं रखता मैं.” अण्णांचा चेहरा पडला. म्हातारबुवा तबकडीभोवती एक पूर्ण चक्कर मारून आले. “मेरा बाप चाँद देख के ऊँट चलाता था. सड़क नहीं थी, बत्ती नहीं थी. ये चाँद है ना?”

“चाँद ही है,” मी म्हटलं.

“तो बाहर रखेंगे.”

चार मीटरची अखंड तबकडी ट्रकवर आडवी मावत नाही. काचेचे मोठे तक्ते नेतात तशी लाकडी घोडीवर तिरकी उभी केली, दोऱ्यांनी बांधली. अण्णा तिच्याशेजारी मागे बसले, कितीही सांगितलं तरी पुढे येईनात. अल ऐनच्या रस्त्यावर गाड्या हळू होत होत्या, लोक काचा खाली करून बघत होते. मी मागून माझ्या गाडीत. कित्येक मैल माझ्यासमोर ती वाळवंटातून धावत होती आणि अण्णा वाऱ्यात डोळे बारीक करून तिची कड धरून बसले होते. शेतावर पोचल्यावर अण्णांनी स्वतः वाळू सपाट करून घेतली. आठवड्यानं ते पेणला गेले, बाई मेक्सिकोला. विमानतळावर बाईंनी मला एकच काम सांगितलं: तिला वरचं आकाश मोकळं आहे ना, एवढं एकदा बघून या.

मी ते काम लांबवलं. नवी नोकरी शोधायची होती, सईची शाळा होती, सबबी पुष्कळ. थंडी संपता संपता एकदा गेलो, सगळ्यांना घेऊन, आणि नेमकी पौर्णिमा निघाली. संध्याकाळची वेळ. तबकडी वाळूच्या पातळीत बसवली होती, भोवती काही नाही, कुंपण नाही, झाड नाही. कडेवर वाळूची बारीक रेघ चढली होती, घुंगरांच्या गालात थोडी साचली होती. पश्चिमेला सूर्य टेकत होता, लाल, मोठा. सईनं माझा हात ओढला आणि मागे बोट दाखवलं. पूर्वेला चंद्र वर येत होता, पूर्ण, तेवढाच मोठा. एकाच वेळी दोघं आकाशात, समोरासमोर, आणि मध्ये वाळूवर ती.

“बाबा, आर दे लुकिंग ॲट ईच अदर?”

हिनं पदर डोक्यावरून घेतला होता, का ते तिलाही ठाऊक नसावं. एरवी सहा महिने पुरेल इतकी बडबड माझ्याकडे तयार असते. मी नुसता उभा राहिलो आणि सूर्य पूर्ण बुडेपर्यंत हललो नाही. उद्या तो परत येईल की नाही, हे आयुष्यात पहिल्यांदा मला खरोखर ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक नसणं एवढं मोठं होतं की भीती वाटायलाही जागा उरली नव्हती.

अबू मतर नमाज आटपून कॉफीचा थर्मास घेऊन आले. मी त्यांना विचारलं, ही इथं आल्यापासून काही वेगळं वाटतं का, काही जाणवतं का.

त्यांनी कप भरला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “ऊँट उस पे नहीं बैठते. बाकी सब ठीक है.”